दीड वाजताची कोथिंबीर

दुबईत येऊन तीन महिने झाले होते. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किराणा मागवायचं ॲप मोबाईलवर घेतलं. जुलैची दुपार, जोहरची नमाज झालेली, गॅसवर डाळ उकळतेय आणि घरात कोथिंबीर नाही. चला, करून बघू म्हटलं. पंचवीस मिनिटांत पोरगा दारात. हेल्मेट काढलं तर केसांतून पाणी निथळत होतं. कोथिंबीर मात्र गारेगार. पाणी दिलं, ते उभ्यानेच प्यायला; खिशात पुढची ऑर्डर वाजत होती.

इथे १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्या उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. बांधकामं थांबतात. डिलिव्हरीच्या मोटारसायकली धावतच असतात, कारण आपली बोटं थांबत नाहीत.

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात राबलेला. माझे चाचा याच शहरात सळया उचलायचे. त्यांच्या मुकादमाला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या. आज एसीत बसून दीड वाजता ऑर्डर सोडणारा मुकादम कोण? आणि टिप दिली, हे सांगू नका. जुम्म्याला मजुराच्या घामाची हदीस ऐकून मान डोलवायची अन् घरी येऊन भरदुपारी आईस्क्रीम मागवायचं, याला काय म्हणायचं?

"त्यांचा रोजगार बुडेल," एक मित्र म्हणाला. अरे, ऑर्डर देऊ नको म्हणतंय कोण? मगरिबनंतर दे. बिनकोथिंबिरीची डाळ अम्मीने आयुष्यभर केली, कुणी ताटावरून उठलं नाही.