आमच्या भाच्याचा टीव्ही गेम आणि तुमचा मोबाइल

दिवसातले चार-चार तास मोबाइलवर अंगठा फिरवणाऱ्या माणसांनी दुसऱ्याच्या खेळण्यांना नावं ठेवू नयेत, एवढंच खरं तर मला म्हणायचं आहे. पण आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही धड मांडता येत नाही. चौथ्या ओळीला कुणीतरी सुप्रभातचा गुलाब पाठवतं आणि मुद्दा पाकळ्यांखाली गडप होतो. म्हणून इथे लिहिते. नातेवाइकांनी वाचावं, आणि इतर ब्लॉगवाल्या मंडळींनी निवाडा करावा.

आरोप असा आहे. माझा भाचा बेचाळिशीचा झाला, दोन पोरांचा बाप आहे, तरी जुने व्हिडिओ गेम जमवतो. नुसते जमवत नाही, खेळतोही! तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत ते सगळं भंगारवाल्याला द्यावं, असा ठराव ग्रुपवर मांडला गेला. बारा अंगठे वर आले. त्यात माझ्या थोरल्या भावाचाही होता. भाच्याने एका शब्दानं उत्तर दिलं नाही. त्याचा स्वभाव तसा आहे. माझा नाही.

आधी तो करतो काय ते सांगते, कारण अंगठे वर करणाऱ्यांपैकी एकानेही त्याच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. त्याचं नारायणगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. टोमॅटोच्या हंगामात कुणाची मोटार जळाली तर रात्री दहालाही माणूस दारात उभा राहतो. अशा धंद्यात खेळायला वेळ मिळतोच किती? आठवड्यातल्या तीन रात्री, जेवणं झाल्यावर, तासभर. एक रात्र खेळायची असते, दोन दुरुस्तीच्या. महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटेची एसटी पकडून तो पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. (जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. चाकणच्या कोंडीत अडकला तर पोचेपर्यंत चांगला माल उठलेला असतो, म्हणून पहाटेची.) तिथे गंजलेले पाने, फुटके कॅमेरे, बिनकाट्यांची घड्याळं यांच्या ढिगात कधीतरी एखादी पिवळी पडलेली कॅसेट सापडते. कधी हातात मावणारा ब्रिक गेम, कधी एखादा राखाडी गेम बॉय. बहुतेक वेळा रिकाम्या हातांनी परत येतो.

कॅसेट म्हणजे गाण्याची नव्हे. १९९० च्या दशकात आपल्याकडे ज्याला 'टीव्ही गेम' म्हणत त्याची. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं, त्याच्या नकला आपल्याकडे आल्या. पिवळ्या कॅसेटवर '९९९९९९ इन वन' असं छापलेलं असे आणि आत मोजून दहा-पंधरा खेळ, तेच ते पुन्हा पुन्हा. मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायचा डक हंट. सुट्टीत ज्या घरी टीव्ही गेम असेल त्या घरासमोर चपलांचा ढीग पडायचा. ते ढीग मी पाहिले आहेत. आज ग्रुपवर नाकं मुरडणाऱ्या दोघांच्या चपला त्यात होत्या.

कॅसेट चालेना झाली की पोरं तिच्यात फुंकर मारत. भाचा सांगतो की फुंकर ही सर्वांत वाईट गोष्ट, तोंडातल्या ओलाव्याने आतले तांब्याचे दात गंजतात. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवली म्हणून ती चालायची, श्रेय फुंकरीला जायचं. (आपल्या आयुष्यातल्या कितीतरी उपायांचं असंच आहे. असो.) तो कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते दात पुसतो. काही कॅसेटींच्या पोटात घड्याळात असतो तसा गोल सेल असतो. खेळ कुठवर आला हे त्याच्या जोरावर लक्षात राहतं. पंचवीस-तीस वर्षांनी सेल मरतो आणि आठवण पुसली जाते. हा तो सेल काढून नवा बसवतो. बटणाखालचं झिजलेलं रबर बदलतो. याला पोरखेळ म्हणत असाल तर घड्याळजीलाही पोरखेळ करणारा म्हणा.

आणि तो खोलीतला डबा टीव्ही! त्यावर तर ग्रुपवर वेगळी चर्चा झाली. अरे, तो हौसेने अडवलेली जागा नाही. डक हंटची बंदूक नव्या चपट्या टीव्हीवर चालत नाही. ती बंदूक काही मारत नसते, ती पाहत असते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगाशी बांधलेलं आहे. चपट्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा येतं आणि बंदूक आंधळी होते. माझ्या वर्गात विज्ञानाच्या तासाला असं उदाहरण मिळालं असतं तर पोरं घंटा झाल्यावरही उठली नसती.

आता मूळ मुद्दा. तुमचा राग चुकीच्या खेळावर आहे.

जुना खेळ एकदा पैसे देऊन घेतला की संपलं. तो पुन्हा खिशात हात घालत नाही. तुम्ही कधी झोपता, कुठे अडकता, किती वेळा हरता याची नोंद कुठल्या कंपनीला पाठवत नाही. आणि मुख्य म्हणजे तो संपतो. मारिओचे बत्तीस टप्पे आहेत, शेवटी राजकन्या सुटते, खेळ खलास. कॉन्ट्रात तीन जीव, ते गेले की उठा आणि अभ्यासाला बसा. कुणी म्हणेल, टेट्रिसला कुठे शेवट आहे? मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्हने १९८४ मध्ये ते विटा रचण्याचं कोडं केलं, त्यात माणूस कधीतरी हरतोच. तर २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेंडोवरचा जुना टेट्रिस १५७ व्या पातळीपर्यंत नेला आणि यंत्रच अडकून थांबलं. पोरगा नाही, यंत्र थकलं.

तुमच्या मोबाइलवरचा खेळ असा थांबेल? तो थांबू नये यासाठीच पगारी माणसं ठेवलेली असतात. रोज आलात तर बक्षीस, एक दिवस चुकलात तर साखळी तुटली, जीव संपले तर अर्धा तास थांबा नाहीतर पैसे भरा. ही खेळाची रचना नाही, सावकाराची वही आहे.

पैसे लावून खेळायच्या खेळांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे त्यांत देशातल्या पंचेचाळीस कोटी लोकांना झळ बसली आणि वर्षाला वीस हजार कोटींवर रुपये गेले. संसदेला २०२५ च्या ऑगस्टमध्ये असे खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड असा कायदा करावा लागला. त्याच्या आधीच्याच महिन्यात आपल्या राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ गावभर फिरला. आपण खेळत नव्हतो, उघडलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेरीला त्यांचं खातं बदललं आणि मिळालं कुठलं, तर क्रीडा! मंत्र्यांवर हसून झालं असेल तर ग्रुपकडे वळू. आयपीएलच्या दिवसांत संध्याकाळी सात वाजता 'टीम लावली का?' असे निरोप तिथे कोण टाकत होतं? त्यात कुणाचे किती गेले ते मला ठाऊक आहे. रकमा इथे लिहीत नाही. पण भाच्याच्या सबंध संग्रहाला त्यापेक्षा कमी पैसे लागले आहेत.

दादा, तू लिहिलंस की 'मैदानावर खेळ म्हणावं'. तुझं घर पुण्यात सोसायटीत आहे. आमच्या जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या वावरतो, दिवस मावळला की लोक पोरांना अंगणातसुद्धा सोडत नाहीत. रात्री नवाला बेचाळिशीच्या माणसाने कुठल्या मैदानावर जायचं ते सांग.

दुसरा आक्षेप, 'जमवून काय उपयोग?' पुण्यात चष्म्याचं दुकान असलेल्या दिनकर केळकरांना त्यांच्या नातेवाइकांनी हेच विचारलं असणार. अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुलपं, दऊती जमवत हा माणूस खेडोपाडी हिंडला. वीस हजारांवर वस्तू झाल्या. आज राजा केळकर संग्रहालयात तिकीट काढून तुम्हीच पाहुण्यांना ते अडकित्ते दाखवायला नेता. अडकित्त्याला शंभर वर्षं झाली की वारसा, आणि टीव्ही गेमला तीस झाली तर भंगार? मग मधली सत्तर वर्षं ती वस्तू सांभाळायची कुणी?

आपल्या तालुक्यात तर हे सांगावंच लागू नये. नाणेघाटात जकातीचा रांजण आहे, नागनिकेचा लेख आहे, आणि तिथल्याच कातळावर कोरलेले मंकला, नवकंकरीसारखे खेळांचे पटही आहेत. घाट चढून आलेले दमलेले लोक बसून काहीतरी खेळत होते. लेखात यज्ञ आणि दानं आहेत, कंटाळा नाही. तो त्या पटांत आहे. आणि नारायणगाव म्हणजे तर तमाशापंढरी. पाडव्याच्या सुमारास राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. पण आमच्या लहानपणी बऱ्या घरात तमाशाचं नाव काढायची सोय नव्हती. विठाबाई २००२ मध्ये गेल्या, नंतर सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. साध्या माणसाची करमणूक जिवंत असेतो थिल्लर, मेली की संस्कृती, हा आपला जुना हिशेब आहे.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो ग्रुपवर कुणाला सुचलाच नाही म्हणून मीच मांडते. ते टीव्ही गेम आणि त्या कॅसेटी बहुतेक चोरीच्या नकला होत्या. होत्याच. नकलेला मी नक्कलच म्हणेन. पण आज त्या पुरावा आहेत, कारण आपल्या पोरांच्या हाती अस्सल माल आलाच नाही, नकलीच आल्या. आणि अस्सल मालाची काय कथा? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली, तर तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने आपल्या थ्रीडीएस या हातातल्या यंत्राचं ऑनलाइन दुकान खरेदीसाठी बंद केलं. जे तिथेच मिळत होतं ते गेलं. तुम्ही मोबाइलवर 'विकत' घेतलेले खेळही तुमचे नाहीत, वापरायची परवानगी तेवढी तुमची. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदाच केला की हे स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' असं बटण लावायचं नाही. भाच्याची पिवळी कॅसेट कुणी दूर बसून बंद करू शकत नाही.

(रस्त्याकडेला मिळणारे '४०० इन वन'चे स्वस्त डबडे भाचा घेत नाही. मलाही ते आवडत नाहीत. चार महिन्यांत बटणं बसतात.)

एक गंमत सांगते. तो मूळचा सगळा मारिओ, बत्तीस टप्पे, गाणी, राक्षस, राजकन्या, सगळं मिळून चाळीस किलोबाइटचा आहे. ग्रुपवर रोज सकाळी येणारा एकेक गुलाब त्याहून जड असतो. आणि गेम बॉयमागचा माणूस, गुनपेई योकोई, सुरुवातीला निन्टेंडोत यंत्रांची देखभाल करत असे. कंपनी तेव्हा पत्ते छापायची, १८८९ पासून. आगगाडीत एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरशी चाळा करताना त्याला दिसला आणि त्यातून १९८० चा गेम अँड वॉच निघाला, अशी गोष्ट सांगतात. नवं महागडं तंत्र न शोधता जुनं, स्वस्त, पारखलेलं तंत्र वेगळ्या कामाला लावायचं, हा त्याचा नेम होता. म्हणून १९८९ चा गेम बॉय रंगीत नव्हता, पण चार पेन्सिल सेलवर कितीतरी तास चालायचा. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या माणसाला असा देव का पटावा, हे ज्याने आयुष्यात एक पान्हा हातात धरलाय त्याला समजेल.

सूनबाईची तक्रार मात्र रास्त आहे. घरात दोनच खोल्या आणि कपाट तिलाही हवंय. त्यावर तोडगा काढला आहे. चार पेट्या माझ्या माळ्यावर आल्या आहेत, डबा टीव्ही समोरच्या खोलीत. रविवारी जुन्या बाजाराला गेला नाही तर तो आणि त्याची पोरं इकडे येतात. धाकटीला डक हंट चांगला जमतो.

तेव्हा ठराव रद्द समजावा. आणि दिवाळीला तुमच्या माळ्यावर जुना टीव्ही गेम, कॅसेट, ब्रिक गेम काही निघालं तर भंगारात देऊ नका, इकडे पाठवा. एसटीच्या पार्सलने चालेल. फक्त आतले सेल आधी काढा, ते फुटून पाझरतात आणि पत्रा खातात.