अँटिव्हायरस बंद करायला लावणारे गेम : महाराष्ट्र सायबर विभागास खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र सायबर, महाराष्ट्र शासन



ओटीपी कोणालाही सांगू नये, ही सूचना आता गावोगावी ठाऊक आहे; परंतु ज्या चोरीत ओटीपी मागितलाच जात नाही, तिच्याविषयी मराठीत फार थोडे सांगितले जाते. पालघर जिल्ह्यात घिवलीपासून बोईसरपर्यंतच्या पट्ट्यात ज्या घरी एकच लॅपटॉप आहे, तेथे मुलाचा गेम, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज आणि घरातील बँक खाते त्याच यंत्रावर असते, म्हणून हे पत्र.

परवान्याची तपासणी काढून टाकलेल्या गेमला ‘क्रॅक’ म्हणतात, आणि आकार आवळून बांधलेल्या त्याच्या इन्स्टॉलरला ‘रीपॅक’. त्यासोबत अँटिव्हायरस बंद करण्याची सूचना बहुधा असते. क्रॅकमुळे खोटा इशारा येतो, हे तिचे कारण पुष्कळदा खरेही असते, आणि धोका नेमका तेथेच आहे. कारण खरा व खोटा इशारा ओळखण्याचे साधन वापरणारा स्वतःच बाजूला सारतो आणि वर त्या फाइलला संगणकात काहीही बदलण्याचे अधिकार देतो.

अवास्ट कंपनीने जून 2021 मध्ये उघड केलेला ‘क्रॅकोनॉश’ हा घातक प्रोग्राम ‘जीटीए 5’, ‘फार क्राय 5’ यांसारख्या गेमच्या चोरट्या प्रतींतून पसरला होता. तो विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून तिचा अँटिव्हायरस ‘डिफेंडर’ काढून टाकी आणि मालकाच्या नकळत मोनेरो हे आभासी चलन तयार करी. बाधित संगणक 2,22,000 हून अधिक होते, त्यांत भारतातील तेरा हजारांवर. यात वीज आणि यंत्राचे आयुष्य जाते. अशाच प्रतींतून येणारा ‘इन्फोस्टीलर’ हा प्रोग्राम अधिक घातक आहे, कारण तो ब्राउझरमधील साठवलेले पासवर्ड आणि ‘सेशन कुकी’ उचलतो. ही कुकी म्हणजे एकदा लॉगइन झाल्याची संकेतस्थळाने दिलेली खूण. ती हाती आल्यावर चोराला पासवर्ड वा ओटीपी न टाकताही ईमेल किंवा समाजमाध्यमाचे खाते उघडता येते.

तारापूर औद्योगिक वसाहत आणि 1969 पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र यांच्या शेजारी हा प्रश्न केवळ घरापुरता उरत नाही. 2019 मध्ये कुडनकुळम येथील अणुऊर्जा केंद्रात इंटरनेटला जोडलेल्या प्रशासकीय संगणकात घातक प्रणाली आढळल्याचे अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले होते. नियंत्रण यंत्रणा त्या जाळ्यापासून वेगळी असल्याने ती सुरक्षित राहिली, आणि या प्रकरणाचा गेमशी संबंध नव्हता. मात्र कारखान्याचा हिशेब किंवा कंत्राटदाराची हजेरी ज्या घरच्या लॅपटॉपवर लिहिली जाते, त्याला असे वेगळेपण लाभत नाही.

विभागाने पालघर जिल्ह्यातील शाळा, आयटीआय आणि विशेषतः संगणक दुरुस्तीची दुकाने येथे ही माहिती मराठीतून पोहोचवावी, अशी विनंती आहे. केवळ स्वामित्वहक्काच्या कायद्याचा धाक दाखवून मुले थांबणार नाहीत. उलट बाधा झाल्यावर ती घरी सांगायला कचरतील, आणि उशीर हाच चोराचा फायदा असतो. म्हणून बाधित यंत्र प्रथम इंटरनेटपासून तोडावे, पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदलून सर्व ठिकाणचे जुने लॉगइन रद्द करावेत, विंडोज नव्याने बसवावी, पैसे गेले असल्यास विनाविलंब 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे, आणि तक्रार देणाऱ्या मुलाला गेम कोठून घेतला याबद्दल दटावले जाणार नाही, हे विभागाने जाहीरपणे सांगावे.