‘पुट अप’ आणि आमचें ‘घालणें’

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या घरीं राहून शिकलेला माझा भाचा पुढील अभ्यासासाठीं विलायतेस जाणार होता. तेथें एका वृद्ध बाईंच्या घरीं त्याची राहण्याची सोय व्हावयाची होती. त्यानें इंग्रजींत पत्र लिहिलें आणि नेहमींप्रमाणें तपासण्यासाठीं माझ्यापुढें ठेवलें. मीं दोन स्वल्पविराम घातले, एक विशेषण गाळलें आणि पत्र टपालांत पडलें. त्यांत एक वाक्य होतें: ‘आय होप टु पुट अप विथ यू फॉर अ यिअर.’ वर्षभर आपल्याकडे उतरण्याची इच्छा आहे, असें त्याच्या मतें त्यानें लिहिलें होतें. आणि माझ्याहि मतें तें तसेंच होतें.

इंग्रज मनुष्य मात्र तें वाचून ‘वर्षभर तुम्हांला कसेंबसें सहन करीन अशी आशा आहे’ असें समजतो! हें माझ्या ध्यानांत आलें तें चौथ्या दिवशीं, कोश सहज चाळतांना. बहीण रोज विचारी, “दादा, त्या बाईंचें उत्तर अजून कसें नाहीं?” मी काय सांगणार?

‘पुट’ म्हणजे ठेवणें, ‘अप’ म्हणजे वर. पण या दोहोंची बेरीज करून अर्थ काढूं जातां पदरीं फजितीच येते. पाहुण्यास उतरवून घेणें, तंबू उभारणें, भाव चढविणें, घर विक्रीस काढणें, झुडपांतून पांखरें उठविणें, फार काय, फळें टिकविण्यासाठीं बरणींत भरणें, इतकीं कामें हें जोडपें करतें. आमच्या कचेऱ्यांतून कारकून साहेबापुढें फाईल ‘पुट अप’ करतो तें आणखी निराळेंच. संस्कृत शिकलेल्यांस यांत नवल वाटूं नये. ‘हृ’ या एका धातूपासून प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार निघतात. भेद इतकाच, कीं आपला उपसर्ग धातूच्या आधीं बसून त्याशीं एकजीव होतो; इंग्रजीचा मागें उभा राहतो आणि मध्येंच हात सोडून दूरहि जातो. डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेंत या जोडक्रियापदांची परकीयांना सर्वांत अधिक अडचण पडते असें कबूल केलें आहे. तें वाचून मला थोडें बरें वाटलें.

आतां ‘सहन करणें’ हा अर्थ आला कोठून? जुन्या इंग्रजींत ‘पुट अप’ म्हणजे आंत ठेवून देणें असाहि अर्थ होता. तरवार म्यान करणें यास शेक्सपिअरच्या काळीं हाच शब्द. त्याच न्यायानें लोक अपमानहि ‘पुट अप’ करूं लागले, म्हणजे मुकाट्यानें सोसूं लागले. ‘विथ’ मागाहून येऊन चिकटलें. आपण काय वेगळें करतों? अपराध पोटांत घालतों! लोणचें घालतों, सडा घालतों, वाद घालतों, मुलांना न्हाऊं घालतों आणि कोणाच्या धमकीला भीक घालीत नाहीं. एखाद्या इंग्रजानें ‘घालणें’चे अर्थ घोकावयास घेतले तर त्याची माझ्याहून वाईट अवस्था होईल. वर्गांत अशा क्रियापदांच्या याद्या पाठ करून घेण्याचें मीं त्यानंतर सोडलें; अख्खें वाक्यच वहींत उतरवावयास सांगूं लागलों.

असो. उत्तर तिसऱ्या आठवड्यांत आलें. खोलीचें भाडें, न्याहारीची वेळ वगैरे कळवून बाईंनीं शेवटीं लिहिलें होतें कीं, मीहि तुम्हांला ‘पुट अप विथ’ करण्याचा मनापासून प्रयत्न करीन. भाचा हंसला, मी हंसलों नाहीं. बहिणीनें विचारलें, “काय म्हणतात?”

“खुशाल ये म्हणतात,” मीं सांगितलें. खरा मजकूर तिला हा अंक हातीं पडल्यावरच कळेल.