हळद मिसळणाच्या डब्यातच बरी

हळद घेताना आपण आधी रंग बघतो. जितकी पिवळीधमक तितकी अस्सल, असं मनात घट्ट बसलेलं असतं. माझं पहिलं सांगणं हेच, की रंगाला भुलू नका. भेसळ करणाऱ्याचा धंदा आपल्या याच सवयीवर चालतो.

शेतातून काढलेली हळद शिजवून वाळवली की हळकुंडं खरबरीत आणि मळकी दिसतात. मग ती ड्रममध्ये फिरवून घासतात, त्याला पॉलिश म्हणतात. काही जण याच वेळी लेड क्रोमेटची पिवळी पूड चोळतात. म्हणजे शिसं. ते हाडांत साठून राहतं, लहान मुलांच्या मेंदूची वाढ बिघडवतं, पोटातल्या बाळापर्यंतही पोचतं. थोडं चालेल असं त्याचं प्रमाणच नाही. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत हे शिसं सापडलं. तिथे बाजारात तपासण्या झाल्या, दंड झाले, व्यापाऱ्यांना आणि गिऱ्हाइकांना धोका समजावून सांगितला गेला. २०२१पर्यंत अशी हळद सापडेनाशी झाली. मनावर घेतलं तर हे दोन वर्षांत थांबतं.

तेव्हा जमेल त्यांनी वर्षाची हळद हळकुंडं आणून गिरणीवरून दळून घ्यावी. सांगलीची आणि वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळाली तर उत्तमच. फार चकचकीत हळकुंडं नकोत. एक हळकुंड काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाकून बघा, लगेच रंग सुटला तर ती हळद परत करा. पुडीतली हळद असेल तर चमचाभर पाण्यावर टाका आणि न ढवळता थांबा. चांगली हळद तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग मिसळलेला आहे. शिसं मात्र प्रयोगशाळेतच नक्की कळतं. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा, गप्प बसू नका.

आता गुणांविषयी. हळदीच्या पिवळेपणामागे कर्क्युमिन असतं, पण हळदीत ते असतं शंभरात साधारण तीन भाग. त्यातलंही फार थोडं रक्तात उतरतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि मिऱ्यांसोबत अधिक शोषलं जातं. म्हणून आपल्या फोडणीत ती जागेवरच आहे. फक्त जळू देऊ नका. चमचाभर हळदीत दीडएक मिलिग्रॅम लोह असतं खरं, पण आपल्या पोटात रोज चिमूटभरच जाते. अंगात रक्त कमी असेल तर हळदीवर विसंबू नका, पालेभाज्या आणि कडधान्यं वाढवा, डॉक्टरांना दाखवा.

जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ साली रद्द झालं, तेव्हा आपल्या सगळ्यांना आनंद झाला, आणि तो रास्तच होता. पण त्या लढाईत एवढंच सिद्ध झालं, की हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होतं. हळद प्रत्येक जखम बरी करते, असा त्याचा अर्थ नव्हे. खोल जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, दवाखाना गाठा. बाळाच्या नाळेला तर हळद लावूच नका. ती कोरडी आणि स्वच्छ ठेवायची.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती कर्क्युमिनच्या गोळ्यांची. गुडघेदुखीवर काही छोट्या अभ्यासांत त्यांनी थोडा आराम दिलेला आहे. पण ‘पी हळद, हो गोरी’ म्हणून मनानेच त्या सुरू करू नका. वरणातली हळद वेगळी आणि कर्क्युमिन वेगळं काढून, मिऱ्यांचा अर्क घालून केलेली गोळी वेगळी. इटलीत अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याचं २०१९मध्ये नोंदलं गेलं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नका. आणि मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी हळदीच्या दुधासाठी कधीही बंद करू नका.

दूध मात्र खुशाल प्या, चिमूटभर मिरपूड घालून. थंडीत ओली हळद बाजारात आली की पाव किलो आणा, सोलून बारीक चिरा, आलं, मीठ आणि भरपूर लिंबाचा रस घालून बरणीत भरा. आठ दिवसांत लोणचं मुरतं.