पथ्याची कोंबडी

'हेल्दी' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. हा शब्द घरात आला की पाठोपाठ ताटात काहीतरी उकडलेलं, पांढरं येतं. गेल्या वर्षी बाबांची ॲन्जिओप्लास्टी झाली, दोघंही पुण्यात माझ्याकडे राहायला आले, आणि आमच्या कोल्हापुरी घरातला तांबडा रस्सा बंद झाला. त्याजागी आईने मीठ-हळदीत शिजवलेलं चिकन सुरू केलं. बाबा दोन आठवडे निमूट जेवले. मग एक दिवस 'पाय मोकळे करून येतो' म्हणून निघाले आणि खानावळीत मटणाचं ताट हाणून आले. (शर्टावरच्या डागाने घात केला!)

तर माझं मत असं, की पथ्य मोडलं तर मोडणाऱ्यापेक्षा रांधणारा जास्त दोषी. हे आईसमोर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून शनिवारी ओटा मीच ताब्यात घेतला.

नेटवरच्या लिंबू-रोझमेरीवाल्या बऱ्याच रेसिपीज कोंबडी चामडीसकट आहे असं धरून चालतात. ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत ती चामडी आतलं मांस ओलसर ठेवते. आपला चिकनवाला मात्र न विचारताच सोलून देतो. पथ्याला ते बरंच, पण मग कृती बदलायला नको का? मी नाही बदलली. त्यातून ब्रेस्ट पीस घेतलेले. झालं, खोडरबर! वर फोटोतल्यासारख्या लिंबाच्या चकत्या रचल्या होत्या, त्यांच्या सालीखालचा पांढरा भाग कडू उतरला. आई काही बोलली नाही, नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

दुसऱ्या शनिवारी हाडासकट लेग पीस आणले. एका संत्र्याचा नि अर्ध्या लिंबाचा रस, संत्र्याची फक्त केशरी साल किसून, आलं-लसूण, मिरपूड, दोन चमचे तेल आणि कोथिंबिरीचे देठ वाटून. अर्धा तास मुरवलं, बास. आंबटात रात्रभर ठेवलं तर मांस बाहेरून पिठूळ होतं. २०० डिग्रीला पहिली २५ मिनिटं फॉइल झाकून, मग १५ उघडं. हाडापासून जरा लांब थर्मामीटर खुपसला, ७४ च्या वर होता. (प्रॉडक्शनला काही टेस्ट न करता सोडायचं नाही म्हणतो ना आपण? मग चिकनच का अंदाजपंचे?) पुदिना-कोथिंबिरीची पानं बाहेर काढल्यावरच घातली, ओव्हनमध्ये ती करपतात. रोझमेरीवाचून काही अडलं नाही.

आता ओव्हन म्हणजे हेल्दी, हाही एक भ्रमच. तेच तुकडे बटरमध्ये बुडवून भाजले तर काय उपयोग? खरी कमाई मिठाची. मी नेहमीच्या निम्मंच घातलं होतं, पण आंबटामुळे ते फारसं जाणवत नाही. ब्लडप्रेशरवाल्यांच्या घरी याची किंमत कळेल.

बाबांनी आधी शंकेने वास घेतला. मग ट्रेच्या तळाशी उतरलेला रस भाकरीने पुसत म्हणाले, "ह्यालाच रस्सा म्हणायचं काय रे आता?"

आईने उठून कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवलं - २००, २५, १५.