विश्लेषण : चेंडू आणि गोविंदा एकाच समीकरणाने खाली येतात? दहीहंडीच्या उंचीचे गणित काय सांगते?

ठाण्यातील टेंभी नाक्यावरची आनंद दिघे यांनी सुरू केलेली मानाची हंडी असो वा वर्तकनगरची लाखांच्या बक्षिसांची हंडी, दरवर्षी चर्चा होते ती थरांची. २०२५ च्या दहीहंडीत वर्तकनगर येथे कोकणनगर गोविंदा पथकाने दहा थर रचले आणि वर्षानुवर्षे नऊवर अडलेली सीमा ओलांडली गेली. उत्सव संपला की जखमींचा आकडा येतो, उंचीवर मर्यादा हवी की नको हा जुना वाद निघतो आणि पुढच्या श्रावणापर्यंत शांत होतो. या वादात भावना, परंपरा, राजकारण सगळे असते. गणित मात्र क्वचितच असते. वास्तविक हे गणित दहावीच्या पुस्तकातले आहे.

नऊ थर म्हणजे नेमकी किती उंची?

जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात नऊ थर रचले, तेव्हा त्यांची उंची १३.३४ मीटर, म्हणजे ४३.७९ फूट मोजली गेली. गिनेस बुकात ही नोंद झाली. नऊने भागले तर एका थरामागे सरासरी सुमारे दीड मीटर येतात. याच हिशेबाने न्यायालयात गाजलेली २० फुटांची मर्यादा म्हणजे जेमतेम चार थर. चार थर आणि नऊ थर यांतला फरक किती धोक्याचा, हा वादाचा खरा मुद्दा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी चेंडूकडे पाहावे लागेल.

चेंडूचे समीकरण काय असते?

टेंभी नाक्यापासून फार दूर नसलेल्या दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहात एखाद्या फलंदाजाने ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाने चेंडू ४५ अंशांत उचलला असे समजू. चेंडूला दोन दिशांचे वेग मिळतात. आडवा वेग सेकंदाला सुमारे २१ मीटर, आणि तो बदलत नाही. उभा वेगही तेवढाच, पण गुरुत्वाकर्षण तो दर सेकंदाला ९.८ मीटरने कमी करत जाते. त्यामुळे कोणत्याही क्षणी चेंडूची उंची अशी मिळते : सुरुवातीची उंची, अधिक उभा वेग गुणिले वेळ, वजा ४.९ गुणिले वेळेचा वर्ग. यात वेळेचा वर्ग आहे म्हणून हे वर्गसमीकरण. त्याचा आलेख काढला की अन्वस्त हा वक्र मिळतो. गॅलिलिओने हे १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले होते.

आकडे घातले तर आपला चेंडू सव्वादोन सेकंदांच्या आतच २३ मीटरच्या शिखरावर पोहोचतो आणि जवळपास ९२ मीटरवर पडतो. सीमारेषा ६०-७० मीटरवर असेल तर आरामात षटकार. प्रत्यक्षात मात्र तो बराच अलीकडे पडतो. कारण १६० ग्रॅमच्या आसपास वजनाच्या चेंडूवर या वेगाला हवेचा रोध त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक असतो. षटकार प्रेक्षकांत पडला की टीव्हीवर जे अंतर दाखवतात तेही म्हणून साध्या वर्गसमीकरणाने काढून चालत नाही.

मग गोविंदाशी याचा संबंध काय?

गंमत अशी, की पुस्तकातले समीकरण चेंडूपेक्षा गोविंदाला अधिक चपखल बसते. मुलाचे वजन चेंडूच्या दीडशे-दोनशे पट असते आणि पडण्याचा काळ दीड-दोन सेकंदांचाच. हवेचा रोध अगदी शेवटच्या क्षणी वाढून वजनाच्या पाचव्या भागाच्या आसपास जाईल, त्याआधी नगण्य. म्हणजे पुस्तकी उत्तर आणि खरे उत्तर यांत फक्त काही टक्क्यांचा फरक.

वरच्या बालगोविंदाच्या उंचीचा सव्वा मीटर वजा केला तर नऊ थरांवर त्याचे पाय जमिनीपासून सुमारे १२ मीटरवर असतात. तेथून थेट पडल्यास जमिनीवर यायला १.५६ सेकंद लागतात आणि वेग होतो ताशी ५५ किलोमीटर. २० फुटांच्या मनोऱ्यावर पाय सुमारे ४.९ मीटरवर असतात. तेथून बरोबर एक सेकंद लागतो आणि वेग ताशी ३५ किलोमीटर.

येथे दोन्ही बाजूंना आपापला युक्तिवाद सापडतो. उंची जवळपास अडीचपट वाढली तरी वेग दीडपटच वाढला, कारण वेग उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. पण शरीराला जी ऊर्जा सोसावी लागते ती वेगाच्या वर्गाने, म्हणजे थेट उंचीच्या प्रमाणात वाढते. ती अडीचपटच आहे. आणि चार थर 'सुरक्षित' हा समजही टिकत नाही. डांबरी रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरने आदळणे म्हणजे काय, हे दुचाकीस्वाराला वेगळे सांगायला नको.

खाली झेलणारे हात पुरेसे नाहीत का?

घसरण सुरू झाल्यापासून पहिल्या पाऊण सेकंदात मूल जेमतेम तीन मीटर खाली येते. उरलेले नऊ मीटर ते पुढच्या पाऊण सेकंदात कापते. खालच्याला 'पडला' हे कळून हात पुढे जाईपर्यंत पडणे अर्ध्यावर आलेले असते. त्यात वरून पाण्याचे फवारे, डोळ्यांवर पाणी आणि डीजेचा दणदणाट.

शिवाय मूल सरळ खाली येत नाही, चेंडूसारखा वक्र घेते. मनोरा कलताना त्याला सेकंदाला दोन मीटरचा आडवा वेग मिळाला तर दीड सेकंदात ते बुंध्यापासून तीन मीटर दूर पडते, तीन मीटरचा वेग असेल तर साडेचार मीटरहून अधिक दूर. बुंध्याला बिलगून उभ्या असलेल्या गोविंदांचे कडे तेवढे रुंद असते का, हे आयोजकांनी टेप लावून पाहायला हरकत नाही.

अर्थात हे समीकरण सगळे सांगत नाही. बहुतेक वेळा एकच मूल सुटून पडत नाही, मधला थर बसतो आणि माणसे माणसांवर कोसळतात. त्यात वरच्याचे पडणे मोडत-मोडत होते, वेग कमी भरतो. उलट खालच्या थरांतील तरुणांच्या मानेवर, पाठीवर जे येते त्याचे उत्तर या समीकरणात नाही. सगळे लक्ष वरच्या बालगोविंदाकडे असताना ही बाजू दुर्लक्षित राहते.

मॅट आणि दोराने नेमका काय फरक पडतो?

इजा किती होणार हे केवळ उंचीवर नव्हे, तर थांबायला किती अंतर मिळते यावर ठरते. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, हा साधा भागाकार सरासरी धक्का वजनाच्या किती पट असेल ते सांगतो. १२ मीटरवरून पडून कठीण रस्त्यावर तीन सेंटिमीटरमध्ये थांबले तर तो ४०० पट. ३० सेंटिमीटर दबणारी जाड मॅट असेल तर ४० पट. चार थरांवरून रस्त्यावर पडल्यास १६० पटींहून अधिक. म्हणजे मॅटवरचे नऊ थर हे डांबरावरच्या चार थरांपेक्षा सौम्य ठरतात. फक्त फुटांत मोजणाऱ्या नियमाची अडचण नेमकी येथे आहे.

स्पेनमधील कॅटलोनियात असेच मानवी मनोरे रचतात. त्या परंपरेला २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. तेथे बुंध्याभोवती शेकडो माणसांची दाट गर्दी मुद्दाम उभी करतात आणि वरची मुले हेल्मेट घालतात. ही गर्दी पडण्याची उंची कमी करते आणि थांबण्याचे अंतर वाढवते. भागाकारातल्या दोन्ही संख्यांवर एकाच वेळी काम होते.

आपल्याकडे मोठ्या हंड्यांवर क्रेनला बांधलेला दोर आणि हार्नेस दिसू लागला, हे चांगलेच. मात्र दोर असूनही समीकरण सुटत नाही. दोराला जेवढी ढील तेवढी पडण्याची उंची. एक मीटर ढील असेल तर दोर ताणला जाताना वेग ताशी १६ किलोमीटर, तीन मीटर असेल तर ताशी २७ किलोमीटरच्या पुढे. आणि न ताणणारा दोर मुलाला काही सेंटिमीटरमध्येच थांबवतो. त्यामुळे थर चढताना दोर सतत आवळून धरणारा माणूस हा हंडीवरचा सर्वांत महत्त्वाचा माणूस ठरतो. व्यासपीठावर त्याचे नाव पुकारले गेल्याचे कधी ऐकिवात नाही.

कायद्याची सध्याची स्थिती काय?

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उंचीला २० फुटांची आणि वयाला १८ वर्षांची मर्यादा घातली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली, पण २०१६ मध्ये या मर्यादा शिथिल करण्यास नकार दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात आले. १४ वर्षांखालील मुलांना थरांवर चढू देणार नाही, ही राज्य सरकारची हमी न्यायालयाने नोंदवून घेतली आणि उंचीचे बंधन उठले. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, मृत्यू वा गंभीर दुखापतीसाठी मदतीची तरतूदही केली.

मदत अपघातानंतर मिळते. साहसी खेळ म्हटले की उपकरणांची तपासणी, प्रशिक्षित पंच, पडण्याच्या जागेची आखणी या गोष्टी ओघाने येतात. गिर्यारोहणात दोर किती ताणला जावा याची मानके असतात, उंच उडीत मॅटची जाडी ठरलेली असते. हंडीत मात्र आयोजकागणिक व्यवस्था बदलते. मोठ्या मैदानावर क्रेन, दोर, मॅट, रुग्णवाहिका; तर डोंबिवली-कल्याणच्या एखाद्या गल्लीतील पाच थरांच्या हंडीखाली नुसता काँक्रीटचा रस्ता. वरचा भागाकार पाहिला तर अधिक काळजी या दुसऱ्या ठिकाणी वाटायला हवी, आणि कॅमेरे तिकडे जात नाहीत.