जबाबदारी ग्राहकाची, किल्ली कंपनीची

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद साखळी बॉम्बस्फोटांनी हादरले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग काढत तपास यंत्रणा पोहोचल्या त्या नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेत. तेथील परदेशी रहिवाशाला चौकशीला सामोरे जावे लागले, घरातील संगणक तपासले गेले. अखेरीस उघड झाले ते एवढेच की, त्या घरातील वायफाय राऊटरला पासवर्डचे कुलूप नव्हते आणि इमारतीच्या आसपास लॅपटॉप घेऊन बसलेल्या कोणालाही ते वापरता येत होते. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या व चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वायफायचा असाच गैरवापर झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरवठादारांना ग्राहकांची वायफाय जोडणी सुरक्षित करण्याचे आदेश दिले.

या प्रकरणातून शहरी ग्राहकाने जो धडा घेतला तो योग्यच होता. आपल्या जोडणीवरून जे काही घडेल त्याची पहिली विचारणा आपल्याकडे होणार, तेव्हा पासवर्ड हवाच, हे आता सर्वांना पटलेले आहे. तथापि त्याच प्रकरणातील दुसरा प्रश्न मात्र मागे पडला. ज्या डबीसाठी ग्राहकाला जबाबदार धरले जाते, ती डबी खरोखर त्याच्या ताब्यात असते काय?

राऊटर हा एक छोटा संगणकच असतो. त्यात प्रक्रियक आहे, स्मृती आहे आणि त्याला चालविणारी एक आज्ञावली आहे. तिलाच फर्मवेअर म्हणतात. संगणकात नवी त्रुटी सापडली की दुरुस्ती येते. राऊटरचे तसे नसते. नवे मॉडेल बाजारात आले की जुन्याच्या फर्मवेअरकडे कंपनीचे लक्ष उरत नाही. डबी मात्र आठ-दहा वर्षे भिंतीवर दिवे मिचकावीत राहते. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक आज्ञावलीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे व राऊटर हाताशी धरून इंटरनेटवरील मोठ्या सेवा ठप्प केल्या. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम मूळ पासवर्ड तसाच राहिल्यामुळे निकामी झाले. २०१८ मधील 'व्हीपीएनफिल्टर'ने चोपन्न देशांतील सुमारे पाच लाख उपकरणांत शिरकाव केला. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने, ज्यांची देखभाल कंपन्यांनी थांबविली आहे असे जुने राऊटर गुन्हेगार आपली ओळख लपविण्यासाठी वापरत असल्याचा इशारा दिला. म्हणजे सानपाड्यात जे उघड्या वायफायमुळे घडले, ते आता पासवर्ड असलेल्या घरातही घडू शकते. कारण कुलूप दाराला आहे आणि खिडकीची कडी कंपनीने कधीच बदललेली नाही.

या कोंडीवर जगभरातील हौशी तंत्रज्ञांनी जो मार्ग काढला, तो म्हणजे मुक्तस्रोत, अर्थात 'ओपन सोर्स' फर्मवेअर. त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. लिंकसिस या कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या घरगुती राऊटरमध्ये लिनक्सचा वापर झाल्याचे २००३ मध्ये उघडकीस आले. लिनक्सच्या परवान्यानुसार त्यावर आधारलेली आज्ञावली वितरित करणाऱ्याने तिचा स्रोतही खुला करावा लागतो. दबाव वाढल्यावर तो खुला करण्यात आला आणि त्याच पायावर २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प उभा राहिला. पुढे लिंकसिसची मालक असलेल्या सिस्को कंपनीविरुद्ध याच परवान्याच्या प्रश्नावर डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने दावा दाखल केला आणि मे २००९ मध्ये तो तडजोडीने मिटला. कंपनीने सोडून दिलेल्या राऊटरमध्ये ही मुक्त आज्ञावली भरली की, उपकरणाची क्षमता पुरेशी असेपर्यंत त्याला नव्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतात.

नाशिकला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत यंत्र बिघडले तर ते खोलून पाहण्याची आणि सुटा भाग घडवून घेण्याची सवय दोन-तीन पिढ्यांच्या अंगी मुरलेली आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या भागांत घरून काम करणाऱ्यांचे दिवसाचे काम वायफायवर अवलंबून असते. त्यात २०२७च्या सिंहस्थाची भर आहे. पर्वणीच्या दिवसांत पंचवटी व गोदाकाठच्या धर्मशाळा, लॉज आणि भाविकांना खोल्या देणारी घरे अनोळखी पाहुण्यांनी भरून जातात. खोलीसोबत वायफायचा पासवर्डही दिला जातो. घरातील संगणक, व्यवहाराचा मोबाइल आणि पाहुण्याचे उपकरण एकाच जाळ्यात आणणे किती धोक्याचे आहे, हे २००८ने दाखविलेच आहे. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे आखून ते घरच्या जाळ्यापासून तोडण्याची सोय ओपनडब्ल्यूआरटीत विनामूल्य मिळते. कंपनीच्या स्वस्त राऊटरांत ती असेलच असे नाही.

मात्र अशा राऊटरचा खरा कस लागतो तो बिघाडाच्या वेळी. 'नेट चालत नाही' ही तक्रार एकच असली तरी तिची मुळे निरनिराळी असतात. बाहेरून येणारी फायबरची तार तुटलेली असू शकते. तसे असल्यास पुरवठादाराच्या डबीवर लाल दिवा लागतो आणि राऊटरशी कितीही झटापट केली तरी उपयोग नसतो. तार ठीक असेल तर लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडून पाहावा. केबलवर इंटरनेट चालले आणि वायफायवर चालले नाही, तर दोष लहरींचा. दोन्हीकडे चालले नाही, पण राऊटरचे पान उघडले, तर दोष राऊटर व पुरवठादार यांच्या दरम्यानचा. ते पानही उघडले नाही, तर दोष राऊटरमध्येच. पाच मिनिटांच्या या वर्गवारीने तक्रार केंद्रावरील अर्ध्या तासाचे संगीत ऐकण्याची वेळ टळते.

मुक्त फर्मवेअर प्रथमच बसविणाऱ्याला हमखास भेटणारा एक बिघाड फारच साधा असतो. पुरवठादाराच्या डबीचा अंतर्गत पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो आणि ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ पत्ताही तोच. एका गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरे असावीत तशी ही अवस्था होते. पत्र कोणाकडे द्यायचे ते उपकरणाला कळत नाही आणि सारे काही नीट जोडलेले असूनही इंटरनेट येत नाही. नव्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.२.१ असा बदलला की काम होते. दुसरी तक्रार असते 'वायफाय दिसतच नाही' अशी. तो बहुधा दोष नसतो. मालकाने पासवर्ड ठरवून सुरू करेपर्यंत वायफाय बंद ठेवावे, ही या फर्मवेअरची रूढ पद्धतच आहे. वायफाय सुरू करताना देश म्हणून भारत निवडणे आवश्यक आहे. कोणत्या वाहिन्या व किती शक्ती वापरायची हे त्यावरून ठरते.

वेग मंदावण्याची कारणे मात्र घराच्या भिंतींत आणि शेजाऱ्यांच्या घरांत शोधावी लागतात. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर न चढता शेजारी नांदू शकतात. मोठ्या सोसायटीत रात्री नऊच्या सुमारास वीस-पंचवीस राऊटर याच जागेसाठी भांडत असतात. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा अधिक आहे आणि २०१८ मध्ये भारताने तो मोठ्या प्रमाणावर परवानामुक्तही केला. परंतु या लहरी भिंतीपुढे लवकर दमतात. जुन्या नाशकातील वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे त्या पोहोचतील ही अपेक्षा व्यर्थ होय; तेथे केबल ओढून दुसरे केंद्र बसविणे हाच उपाय. घरात कोणी मोठी फाईल पाठवू लागताच दुसऱ्याची व्हिडिओ बैठक अडखळत असेल, तर ओळ लांबल्याचा तो दोष असतो. ही ओळ शिस्तीत लावण्याची तंत्रे मुक्त फर्मवेअरवरच वाढली व तेथूनच ती इतरत्र पसरली.

येथे एका प्रचलित सवयीचा विचार करणे भाग आहे. 'बंद करून चालू करा' हा आपल्याकडील सर्वमान्य तोडगा. त्याने पुष्कळदा काम चालू होते हे खरे. पण कारण कळत नाही. ओपनडब्ल्यूआरटी आपली नोंदवही तात्पुरत्या स्मृतीत ठेवते. वीज गेली की ती पुसली जाते. शिवाय बहुतेक घरगुती राऊटरांत घड्याळाला बॅटरी नसते. वीज परत आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत ते चुकीचीच वेळ दाखविते. याचा परिणाम दुरुस्तीपुरता मर्यादित नाही. उद्या एखाद्या घरावर सानपाड्यासारखी वेळ आली, तर त्या रात्री आपल्या जाळ्यात कोणते उपकरण शिरले होते, हे दाखविणारा कागद त्या घराकडे असणार नाही. मुक्त फर्मवेअरमध्ये ही नोंद घरातील दुसऱ्या संगणकाकडे पाठविता येते. म्हणून आधी नोंदवही पाहावी आणि मगच बटणाला हात लावावा, एवढी शिस्त अंगी बाणविण्यासारखी आहे.

अर्थात मुक्त फर्मवेअर म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण नव्हे. प्रत्येक राऊटरवर ते चालत नाही. ज्या चिपांची माहिती उत्पादकांनी दडवून ठेवली आहे, त्यांच्यावर वायफाय नीट चालत नाही. चार मेगाबाइट साठवण आणि बत्तीस मेगाबाइट स्मृतीच्या जुन्या डब्यांना नव्या आवृत्त्यांनी केव्हाच निरोप दिला आहे. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत आतील भाग निराळे असतात. चुकीची फाईल भरली, किंवा भरताना वीज गेली, तर राऊटरची वीट होते. म्हणून इन्व्हर्टर नसलेल्या घरात हे काम पावसाळी संध्याकाळी करू नये. चालू होताना विशिष्ट क्षणी बटण दाबून आपत्कालीन अवस्थेत जाण्याची सोय असते. पण तो क्षण साधण्यास सराव लागतो. या फर्मवेअरमध्ये त्रुटी नसतात असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या अद्ययावत करण्याच्या सेवेत एक गंभीर त्रुटी सापडली. फरक इतकाच की, ती कळविल्यावर काही तासांत दुरुस्त झाली आणि तिची माहिती जाहीरपणे देण्यात आली.

प्रश्न मग असा उरतो की, हे सारे शिकण्याचा भार सामान्य कुटुंबाने का उचलावा? तो उचलावा लागू नये हेच खरे धोरण असले पाहिजे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने सर्वांना एकच मूळ पासवर्ड देण्यास बंदी घातली आणि सुरक्षा-दुरुस्त्या किमान किती काळ मिळतील हे जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक केले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरविण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. घराघरांतील राऊटरला त्यांत स्वतंत्र जागा नाही. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात तशी राऊटरच्या खोक्यावर देखभालीची अखेरची तारीख छापली, तर महात्मा गांधी रोडवरील दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला स्वस्त काय आणि महाग काय, याचा खरा हिशेब करता येईल. मुदत संपल्यावर उपकरण मुक्त फर्मवेअरसाठी खुले करण्याची अट त्यास जोडता येईल. हे अशक्य नाही. अमेरिकेत टीपी-लिंक कंपनीने २०१६ मध्ये तेथील दूरसंचार नियामकाशी झालेल्या तडजोडीत दोन लाख डॉलर भरले आणि मुक्त फर्मवेअरला वाव देण्यासाठी प्रयत्न करण्याचे मान्य केले.

तोवर शहराला स्वतःच्या बळावर पुष्कळ करता येण्याजोगे आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी सोसायट्यांतील जुने राऊटर तपासून देणे, लॉजचालकांना पाहुण्यांचे वेगळे जाळे आखून देणे, पुरवठादारांनी ग्राहकाने मागितल्यास जोडणीचे तपशील विनातक्रार देणे, ही काही खर्चाची कामे नव्हेत. २००८ मध्ये व्यवस्थेने ग्राहकाला सांगितले की दाराला कुलूप लावा. ग्राहकाने ते लावले. आता त्याने किल्ली मागितली, तर त्याला नाही म्हणण्याचे कारण व्यवस्थेकडे उरलेले नाही.